प्रवाळ : बांधावरचे आणि समुद्रातले

संस्कृतात 'प्रवाल' या शब्दाला दोन अर्थ आहेत. झाडाला नुकती फुटलेली कोवळी, तांबूस पालवी हा एक आणि समुद्रातून येणारे पोवळे हा दुसरा. मराठीतले 'पोवळे' प्राकृतातल्या 'पवाल'मार्गे याच शब्दावरून आले. पोवळ्याचे आणखी एक जुने नाव 'विद्रुम'. द्रुम म्हणजे झाड, आणि विद्रुम म्हणजे वेगळ्या जातीचे, विशेष झाड, अशी त्याची फोड करतात. इंग्रजी भाषा याच वाटेने उलट्या दिशेने चालली. आपल्या पांगाऱ्याला तिने 'कोरल ट्री', म्हणजे पोवळ्याचे झाड, असे नाव दिले. म्हणजे एका भाषेने समुद्रातल्या वस्तूला झाड म्हटले आणि दुसरीने झाडाला समुद्रातल्या वस्तूचे नाव दिले.

या नावांमागे केवळ लाल रंग आहे, की आणखी काही, असा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी पडला. मी शिरूरला राहतो. वनस्पतिशास्त्राची किंवा प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. शब्दकोश, जुनी पुस्तके, हाती लागलेले शोधनिबंध आणि शिरूर, न्हावरे, चौफुला, दौंड या रस्त्यावर दर फाल्गुनात दिसणारे पांगारे एवढ्या सामग्रीवर हा शोध घेतला. त्यातून असे दिसले की साम्य रंगापेक्षा खूप खोल आहे. पण ते एका ठिकाणी संपते, आणि नेमके ते ठिकाण ओळखता आले नाही तर झाडाचेही नुकसान होते आणि समुद्राचेही.

पोवळे आपल्या गळ्यात कसे आले

शिरूर आणि दौंड हे घोड आणि भीमेच्या काठचे तालुके. जमिनीखाली सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण. समुद्र रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर. तरीही पोवळे इथल्या कुठल्याही आजीला परके नाही. मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर ओवलेला पोवळ्याचा मणी, मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसवलेले पोवळे, नवरत्नांतले त्याचे स्थान, हे सगळे घरचेच.

हे दागिन्याचे पोवळे मात्र आपल्या समुद्रातले नव्हे. ते मुख्यत: भूमध्य समुद्रातले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे की आमच्याकडे भारतीय मोत्यांना जी किंमत, तीच भारतीयांकडे पोवळ्याला. भारतात ते संरक्षक ताईत मानतात हेही त्याला ठाऊक होते. त्याच काळातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. त्याच बंदराशी जोडलेली दख्खनमधली मोठी पेठ म्हणून पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावेही त्यात येतात. पोवळे घाटावर येण्याची वाट अशी दोन हजार वर्षांची आहे. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातले पोवळे गोव्याला पाठवत आणि बदल्यात भारतीय हिरे मागवत. गोव्यात त्यांचे व्यवहार कामतांसारखी सारस्वत घराणी पाहत असत. एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसे पत्रांच्या भरवशावर धंदा करीत होती.

इतका दूरचा माल इतकी शतके येत राहिला. पण तो खनिज आहे, वनस्पती आहे की प्राणी, हे ना विकणाऱ्याला ठाऊक होते ना घेणाऱ्याला.

झाड नव्हे, प्राणी

पोवळे पाण्याखाली फांद्या फुटल्यासारखे वाढते. त्यामुळे ते झाड आहे अशी युरोपातही समजूत होती. पाण्यात मऊ असलेली ही वनस्पती हवा लागताच दगड होते, असे जुने लेखक सांगत. १७०६ साली मार्सिली या इटालियन सरदाराने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यातच ठेवून पाहिले, तर फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली दिसली. पाण्याबाहेर काढले की फुले मिटत, परत बुडवले की उमलत. फुले दिसली म्हणजे झाडच, असा निकाल त्याने दिला, आणि तो सर्वांना पटला.

मार्सेलचा वैद्य पेसोनेल याने १७२५च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हाच प्रयोग पुन्हा केला. त्याच्या लक्षात आले की ही 'फुले' स्पर्श होताच आक्रसतात आणि मेल्यावर सडक्या मासळीसारखी घाण मारतात. ही फुले नसून बारीक प्राणी आहेत, आणि दगडी फांदी त्यांनी बांधलेली आहे, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. त्या काळचे बडे शास्त्रज्ञ रेओमूर यांना हे इतके अविश्वसनीय वाटले की त्यांनी अकादमीपुढे ते मांडताना लेखकाचे नावच सांगितले नाही. बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून. पुढे १७४०च्या दशकात गोड्या पाण्यातल्या हायड्रा या प्राण्यावर ट्रेंबले याचे प्रयोग गाजले. फांद्यांसारखे फुटवे येणारा, तोडला तरी पुन्हा वाढणारा हा जीव प्राणीच आहे हे सिद्ध झाले, तेव्हा रेओमूर यांनी आपले मत बदलले. पेसोनेल तोवर वेस्ट इंडीजमधल्या ग्वादेलूप बेटावर वैद्यकी करीत होता.

प्रवाळाचा एकेक प्राणी म्हणजे पॉलिप. पिशवीसारखे मऊ शरीर, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकांचे कडे. दागिन्याच्या पोवळ्यात ही शुंडके आठ. मार्सिलीला दिसलेल्या 'आठ पाकळ्या' त्याच. समुद्रात खडकांच्या भिंती उभारणाऱ्या प्रवाळांत ती सहाच्या पटीत असतात. पुढचे विवेचन मुख्यत: या दुसऱ्या, भिंती बांधणाऱ्या प्रवाळांबद्दल आहे.

पांगाऱ्याची ओळख

पांगाऱ्याला काही ठिकाणी पांगिरा म्हणतात. अमरकोशात त्याची पारिभद्र, निंबतरु, मंदार आणि पारिजातक अशी नावे एकत्र येतात. आज आपण पारिजातक म्हणतो ते प्राजक्ताचे झाड वेगळे. पण गंमत अशी की त्याच्या फुलाचा देठही पोवळ्याच्या रंगाचाच. पांगाऱ्याचे शास्त्रीय नाव एरिथ्रिना. ग्रीक भाषेत 'एरिथ्रोस' म्हणजे लाल. झाड शेंगावर्गातले, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या कुळातले. एका देठावर तीन पाने, खोडावर वाघनखासारखे काटे. माघ-फाल्गुनात सगळी पाने झडतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांवर लाल फुलांचे तुरे येतात. मधासाठी साळुंक्या, कावळे, बुलबुल, कोतवाल, शिंजीर अशी पाखरांची जत्रा भरते. परागीकरण तीच करतात.

हे झाड मुळात समुद्राला अनोळखी नाही. हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरच्या रानात ते आपणहून वाढते. त्याचे लाल बी पाण्यावर तरंगते, खाऱ्या पाण्यात बराच काळ टिकते आणि लाटांबरोबर दूरवर जाते. आत देशावर ते मोठ्या प्रमाणात पसरले ते माणसाच्या हाताने. सांगली-मिरजेकडे पानमळ्यात वेल चढवायला शेवरी, शेवगा, हादग्याबरोबर पांगारा लावत. लाकूड हलके आणि मऊ. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे आणि खेळणी परंपरेने याच लाकडाची. आमच्या भागात तो विहिरीच्या काठी, बांधावर, गोठ्याच्या मागे दिसतो. कारण साधे आहे. मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की ती मुळे धरते, आणि कुंपणाचा खांब आपोआप झाड होतो.

साम्य कुठे आहे

फांदीपासूनच सुरुवात करू. पांगाऱ्याच्या फांदीचे नवे झाड होते, तसाच प्रवाळाचा मोडलेला तुकडा योग्य जागी पडला तर त्याची नवी वसाहत होते. मन्नारच्या आखातात पाणबुडे प्रवाळाचे तुकडे चौकटींवर बांधून समुद्रतळावर लावतात. कुंपणाला फांदी रोवणारा शेतकरी आणि हे पाणबुडे एकच काम करतात. दोघांनाही बियांची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे साम्य शरीराच्या रचनेत. झाड आणि प्रवाळ दोघेही एकाच घटकाची पुन:पुन्हा आवृत्ती करून वाढतात. झाडाचा घटक पानासह डोळा, प्रवाळाचा घटक पॉलिप. गायीचा पाय तुटला तर गाय अपंग होते. पांगाऱ्याची फांदी तुटली तर पांगारा अपंग होत नाही.

तिसरे साम्य मला सर्वांत विलक्षण वाटते. दोघांचाही बराचसा भाग मेलेला असतो. झाडाच्या खोडात जिवंत असतो तो सालीच्या आतला ओला, पातळ थर आणि त्यालगतच्या लाकडातल्या थोड्या पेशी. गाभ्याचे लाकूड आधारापुरते उरते. प्रवाळातही जिवंत पॉलिपांची पातळ कातडी बाहेर, आणि आत त्यांनी पाण्यातल्या चुन्यापासून बांधलेला सांगाडा. दोघेही आपल्याच मागच्या वर्षांवर उभे राहून वाढतात, आणि म्हणून दोघांत वर्षे मोजता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या खोडातल्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. प्रवाळांतही असे वार्षिक पट्टे असतात. ते वार्षिकच आहेत हे १९७२ साली एनिवेटॉक बेटावरच्या प्रवाळांवरून दाखवले गेले. तिथे अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या. त्यांचा किरणोत्सर्ग ठरावीक पट्ट्यांत सापडला आणि त्या खुणांवरून पुढचे पट्टे वर्षांशी ताडून पाहता आले.

चौथे साम्य पोटाचे. पांगाऱ्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. हुलगा किंवा मूग उपटून पाहणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला या गाठी ठाऊक आहेत. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यातून भागते. म्हणून हे प्रवाळ उथळ, स्वच्छ, उन्हाच्या पाण्यात वाढतात. त्यांचा तपकिरी-हिरवा रंग बहुतांशी या शैवालाचाच. दागिन्याचे लाल पोवळे मात्र खोल, अंधाऱ्या पाण्यातले. त्याच्याकडे हे भाडेकरू नाहीत आणि त्याचा लाल रंग सांगाड्यातलाच आहे.

तेव्हा 'विद्रुम' म्हणणारे चुकीचे नव्हते. प्राणी असूनही प्रवाळ जगतो झाडासारखा: एका जागी रुजून, फांद्या फोडून, सूर्याच्या उन्हावर.

साम्य जिथे संपते

दौंडकडच्या एका वस्तीवर बांधावरचा जुना पांगारा एका माघात तोडलेला दिसला. मालकांना विचारले, "काका, पांगारा का काढला?" ते म्हणाले, "वाळला होता की. एक पान नव्हतं त्याच्यावर." तोडलेल्या फांदीची साल नखाने खरवडली, तर आतून हिरवी निघाली.

पानगळ हा मृत्यू नव्हे. कोरड्या महिन्यांत पाण्याचा खर्च टाळण्यासाठी झाडाने आखलेली ती व्यवस्था आहे. पान टाकण्याआधी झाड त्यातले हिरवे द्रव्य मोडते, कामाचा काही अंश परत घेते, देठाशी बुचाचा थर धरून जखम बंद करते आणि मग पान सोडते. जमवलेल्या शिदोरीवर ते फुलते. वैशाखात नवे प्रवाल, म्हणजे कोवळी पालवी, येते.

प्रवाळाचे पांढरे पडणे वरवर याच्यासारखेच दिसते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि ते तसेच काही आठवडे राहिले, की शैवालाचे काम बिघडते, त्यातून विषारी द्रव्ये तयार होतात आणि प्रवाळ आपल्या भाडेकरूंना बाहेर टाकतो. रंग जातो, पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. पण यात आखणी काही नाही. शिदोरी बांधलेली नाही, जखम बंद केलेली नाही. त्या घडीला प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. नाही निवले तर काही आठवड्यांत तो मरतो, आणि सांगाड्यावर दुसरेच शेवाळ चढते.

उघडा पांगारा पाहून लोक तो मेला समजतात आणि तोडतात. पांढरे प्रवाळ पाहून मात्र पर्यटक सुंदर म्हणतात, किंवा झाडासारखे तेही परत फुटेल असे धरून चालतात. दिसण्यातले साम्य दोन्हीकडे फसवते.

१९९८ साली जगभर झालेल्या ब्लीचिंगमध्ये पृथ्वीवरचे सुमारे १६ टक्के प्रवाळ नष्ट झाले. आपल्या लक्षद्वीपचे मोठे नुकसान झाले. २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपला पुन्हा तोच तडाखा बसला. एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने चौथे जागतिक ब्लीचिंग जाहीर केले. दोन तडाख्यांमधला अवकाश कमी होत चालला आहे हीच खरी अडचण. महाराष्ट्राकडेही प्रवाळ आहेत: मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ साली घोषित झाले, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या पठारावर. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला दिले आहे.

घोड-भीमेच्या काठी बसून याची काळजी कशाला, असे कोणी विचारील. पुण्याच्याच हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवले की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढले. आपला पाऊस याच समुद्रावरून येतो. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत असलेल्या शिरूर-दौंडला त्यातला उरलासुरला वाटा मिळतो. प्रवाळाला तापवणारे पाणी आणि आमच्या विहिरीत येणारे पाणी यांचा उगम वेगळा नाही.

जमिनीवरच्या प्रवालावरचे संकट

पांगाऱ्यावरही याच काळात एक संकट आले. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी नावाची, जेमतेम दीड मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली एक माशी पांगाऱ्याच्या कोवळ्या पानात आणि देठात अंडी घालते. तिथे गाठी येतात, पान वेडेवाकडे होते, शेंडा खुंटतो. सिंगापूर, मॉरिशस आणि रियुनियन इथल्या नमुन्यांवरून २००४ साली तिला शास्त्रीय नाव मिळाले. २००५ साली ती हवाईला पोचली आणि तिथल्या स्थानिक पांगाऱ्याची, विलिविलीची, झाडे धडाधड मरू लागली. त्याच सुमारास केरळात तिची नोंद झाली. हवाईने २००८ साली टांझानियातून या माशीवर जगणारी दुसरी माशी आणून सोडली, तेव्हा विलिविली काही प्रमाणात सावरले.

मुळांवरच्या गाठी झाडाला जगवतात, पानांवरच्या या गाठी त्याला खातात. आणि माशी नेमकी धरते ती कोवळी पालवी, म्हणजे कोशातल्या पहिल्या अर्थाचे 'प्रवाल'. जो शब्द दोन अर्थ सांभाळत इतकी शतके आला, त्याच्या दोन्ही अर्थांवर एकाच पिढीत घाला यावा, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

आमच्या रस्त्यावर पांगारा कमी होत आहे तो मात्र या माशीपेक्षा माणसामुळे. बांध फोडून ऊस वाढला, काटेरी कुंपणाची जागा तारेने घेतली, विहिरीकाठची झाडे यंत्राच्या आड आली. 'निरुपयोगी लाकूड' हा त्याच्यावरचा जुना शिक्का. त्याच्या मुळांनी जमिनीत धरलेल्या नत्राचा आणि फाल्गुनात दुसरे काही फुललेले नसताना पाखरांना मिळणाऱ्या मधाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आपल्या हाती काय आहे तेवढे सांगतो. भिंती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ आणि काळे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. किनाऱ्यावरून शोभेसाठी प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे. मालवणला गेलात तर पाण्याखाली पाहा, हात लावू नका, त्यावर उभे राहू नका.

बांधावरचा पांगारा उघडा दिसला तर चैत्र संपेपर्यंत थांबा. तेवढा धीर नसेल तर साल नखाने खरवडून पाहा. खाली ओले हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. आणि ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, त्याचीच एक मनगटाएवढी फांदी तोडून बांधावर हातभर खोल रोवा. पहिल्या पालवीवर गाठी दिसल्या तर गाठींची पाने खुडून जाळून टाका.